खजुरीत एकही गाडी नाही

३ जून
आळंदहून शाळा सुटून येताना शिवेवर बॅटरी संपली. स्कूटी ढकलत घरी. इथं व्होल्टेजच नाही. रात्रभर लावली तरी निम्मीच भरते. बस शाळेच्या वेळेला नाही. सासरे म्हणाले, "कामून जीव काढायलीस? सोड की नोकरी." सात वर्षं गणित शिकवतेय. एका प्लगपायी सोडू?

५ जून
ग्रा.पं.समोर वेगळ्या लाइनवर चार्जिंग पॉइंट येणार! उद्या गावातल्या इलेक्ट्रिक गाड्या मोजायला वीज कंपनीचे साहेब येतायत.

६ जून
कुणी तरी अफवा उठवली, आरटीओची धाड. झालं! गाव कर्नाटकात, अन् गावातली एकूण एक गाडी महाराष्ट्राच्या नंबरची. तेव्हा तिकडं इलेक्ट्रिक गाडीवर सरकारी सूट होती, म्हणून मेव्हण्या-सासऱ्यांच्या नावावर उमरग्याला घेतलेली. कडब्यात लपवल्या, गोठ्यात लपवल्या. एकीवर गोधडी टाकून म्हातारी राखणीला. साहेबांनी शून्य लिहिलं. मला राहवेना, माझी बाहेर काढली. पाटी बघून म्हणाले, "अक्का, ही इकडची न्हाई. सोमवारी चारपर्यंत पाच जणांचे नंबर बदलायचे अर्ज आणा, मग बघू." न्हाणीत जाऊन रडले.

७ जून
उमरगा. गाडी दादाच्या नावावर, सही त्याचीच हवी. "सूट माझ्याकडनं परत मागितली तर? तुझ्या नोकरीपायी मी कामून अडकू?" मीही नको ते बोलले. वहिनीचा चहा तसाच राहिला. येताना लाज वाटली. त्याची भीती काही खोटी नाही.

८ जून
दारोदार फिरले. चौघं तयार, पण सगळ्यांचं एकच, "बाई, तुमचा अर्ज आधी. मग आमचा."
दादाचा फोन. उद्या येतो म्हणाला. सहीला की भांडायला, विचारायची हिंमत झाली नाही.

९ जून
पंचायतीच्या पायरीवर बसून लिहितेय. शाळेत रजा टाकली. पावणेचार. चौघं सह्या आणलेले अर्ज धरून भिंतीशी उभे. दादा आत्ताच आला, रामराम नाही की काही नाही. म्हटलं, "दादा, सही कर, न्हाईतर गाडी घेऊन जा." जीव तुटला बोलताना.
"चावी दे आधी."
दिली.
आता स्कूटीवर बसून माझा अर्ज वाचायलाय. दुसऱ्यांदा. साहेब कागद आवरायलेत.