हेमराजपेक्षा एक मजला जास्त

१० नोव्हेंबर
चुलतभाऊ हेमराजच्या नव्या घराची वास्तुपूजा. शेजारीच, म्हणून जावं लागलं. दोन मजले, खाली चकाचक टाइल्स. मी घसरलो. घरी आल्यावर छातीत जळजळ. पुऱ्या तेलकट होत्या.

११ नोव्हेंबर, पहाटे
निर्णय. आमचं मातीचं, कवेलूच्या छपराचं घर पाडून तीन मजले. चढाओढ म्हणून नाही. प्रेमलता म्हणाली, दोघाइले तीन मजले काहून पायजे? बायकोला दूरदृष्टी नाही.

३ डिसेंबर
कवेलू उतरवले, सागाचे दरवाजे काढले. हेमराजने विचारलं, "दादा, हे सामान मी नेऊ काय?" मोठ्या मनाने म्हटलं, ने. ट्रॅक्टरच्या तीन खेपा. सगळी अडगळ त्याच्या गळ्यात! दिवसभर हसू आवरेना.

घर होईपर्यंत त्याच्याच वरच्या मजल्यावर राहून राहिलो. नवं घर रिकामं ठेवू नये, म्हणून.

२० फेब्रुवारी
एका मजल्यावर थांबलो. हा टप्पा आहे. पिलरच्या सळया वर सोडून ठेवल्या. आमच्या सौंसर गावच्या लोकांना नजर असेल तर तीन मजले दिसतील.

१७ मार्च
हेमराज मोहगाव रोडवरच्या संत्र्याच्या बागेत काहीतरी बांधून राहिला. मजुरांसाठी झोपडी असेल. पडतीच्या खुणा.

२२ एप्रिल, दुपारी २
स्लॅब तापला. कूलरही गरम हवा फेकतो. प्रेमलतेला सांगितलं, याला उकाडा नाही, मजबुती म्हणतात. ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती.

४ मे
बागेत जाऊन आलो. झोपडी नाही. मातीचं घर! माझे कवेलू, माझे दरवाजे, वरून तेलपाणी केलेले. नागपूरचे लोक गाड्या घेऊन राहायला येतात. एक बाई आमच्या दरवाजाशी फोटो काढत होती. मला म्हणाली, काका, जरा बाजूला व्हा.

५ मे
निर्णय. सळया कापायच्या, स्लॅबवर मातीचं घर. गवंडी सुधाकरला बोलावलं. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा पिऊन गेला.

१९ मे
हेमराजची सून दिपाली आली. बागेतलं घर तिच्याकडे कोणालाच सारवता येत नाही, मोठ्या आईने, म्हणजे आमच्या हिने, शिकवावं म्हणे. मी स्पष्ट नकार दिला. तोवर प्रेमलता तिच्या स्कूटीवर मागे बसलेली होती.

२६ मे
आठ दिवस झाले, ही सकाळी जाते, दिवेलागणीला येते. आज लाइट गेली. कडक बोलायचं ठरवून बागेत गेलो. प्रेमलता म्हणाली, "अगोदर जराक पडा, मंग बोला."

मातीच्या खोलीत पडलो. मुद्दे मनात जुळवता जुळवता डोळा लागला. महिनाभरात अशी झोप नाही.

दिपालीने उठवलं. "मोठे बाबा, उठा जी. नागपूरचे पाहुणे आले. खोली त्याइची बुक हाय."

चपला शोधल्या. आमच्याच बुटक्या दारातून निघताना मान आपोआप वाकली. मागून आत शिरणाऱ्या पाहुण्याने मात्र चौकटीवर कपाळ आपटून घेतलं.

तेवढंच बरं वाटलं.