यांच्या नावाचे गृहस्थ

३ नोव्हेंबर, सोमवार

वही, तुझी आठवण माझ्याहून कच्ची! आठ दिवस मी बोलले नाही, तर आठही दिवस कोरीच राहिलीस. मी बघ, एक अक्षर न शिकता सत्त्याहत्तर वर्षं डोक्यात घेऊन बसलेय.

मी बोलते, सून लिहिते. ज्योती. मधेच आपलं घुसडते. (नाही हो आत्या.) — हे बघ, घुसडलंच!

नात त्रिवेणी पेपरात आहे, तिने लिहिलेली बातमी छापून आली. शहराबाहेरचं तळं मातीने भरून एक नेता प्लॉट पाडतोय. मासे धरणाऱ्यांना त्याच्या माणसांनी बंदुका दाखवून हाकललं. तिने सगळं लिहिलं, जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी लावून. ते नकाशे सरकारी कचेरीतल्या एका कारकुनाने दिले. परवा आपल्याकडे चहाला आले होते. आमच्या यांच्या नावाचे गृहस्थ. भित्रेही यांच्याएवढेच — कप बशीत खडखडत होता. पण देऊन गेले! कचेरीत पाच जण. पाचातल्या कुणी नकाशे दिले, हे नेत्याला अजून कळलेलं नाही.

४ नोव्हेंबर

त्रिवेणीला फोन आला. "घर अंबरपेठलाच ना?" एवढंच विचारून ठेवला.

५ नोव्हेंबर

त्रिवेणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला मैत्रिणीकडे राहायला गेली. ज्योती म्हणते, "आत्या, नोकरी सोड म्हणा तिला. तुमचं ऐकते ती." माझं कोण ऐकतं या घरात? आता लिहिता लिहिता रडतेय. रड बाई, पण वहीपासून लांब. शाई पसरते.

मलाही भ्या वाटतं. हे लिही, पण मोठ्याने वाचू नको.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

 अक्षर वाकडं आलं तर ज्योतीला बोल.

सकाळी अकराला तिघं आले. चपला बाहेर काढून आले! "अम्मा, सलाम" म्हणाले. मग एकाने शर्ट वर केला, कमरेला पिस्तूल. कपाट उपसलं, गाद्या उलटल्या. कागद काही नव्हते. पण पिठाच्या डब्यावर तू सापडलीस!

चष्मेवाल्याला हिंदी वाचता येत होतं. बोट लावून लावून वाचलंन सगळं.  वाचता वाचता थांबला.

"अम्मा, ये 'यांच्या नावाचे' कौन?"

"मेरे मरद का नाम जिसका, वो."

"मरद का नाम बोलो."

"नक्को बाबा. लगन हुआ तब से नै ली. अब तुम्हारे वास्ते लेऊं?"

तो ज्योतीकडे वळला. ज्योती पांढरीफटक, पण म्हणाली, "सासरे का नाम बहू नै लेती." तिला मुद्दाम सुचलं असेल म्हणतेस, वही? छे! खरंच घेत नाही ती. मामंजी म्हणते. राशन कार्डावर लिहायची वेळ आली तेव्हाही नवऱ्याला पुढे केलंन.

पिस्तूलवाला ओरडला. मग चष्मेवाला हसला, म्हणाला, "छोडो, बुड्ढी पागल है." तुला फेकून गेले. शिव्यांनी एवढं बरं कधी वाटलं नव्हतं!

मी ज्योतीला म्हटलं, बघ, आपण कशा हुशार!  तिने दाराकडे बोट केलं. दारावर पितळेची पाटी. यांचं नाव, पूर्ण, आडनावासकट. तिघं तिच्याखाली उभं राहून बेल वाजवत होते.

मग धावपळ. मी उलथन्याने पाटी उचकटली. ज्योती अनवाणी रिक्षात बसली आणि जामबागला त्या गृहस्थांच्या घरी. त्रिवेणीने गाडी पाठवली. दीडला ते आणि त्यांची बायको शहराबाहेर.

चारला ते तिघं परत आले. दार वाजवलंच नाही. खालच्या किराणावाल्याला यांचं नाव विचारलं, त्याने सांगून टाकलं. त्याला काय माहीत! जामबागला गेले तर कुलूप.

१० नोव्हेंबर

त्या गृहस्थांनी न्यायाधीशांपुढे जबाब दिला. सगळं सांगितलं, नेत्याच्या नावासकट. तिघंही पकडले. ज्योतीने आज दोनदा जेवण केलं. मी मोजलं नाही, तिनेच सांगितलं.

नेता म्हणतो, ही माणसं माझी नव्हेत. आणि ती माणसं म्हणतात, आम्ही त्या घरी गेलोच नाही. आमच्या घरी ते आले, हे पाहिलं कुणी? ज्योतीने आणि मी.

साक्ष द्याल का, म्हणून वकीलबाई विचारून गेल्या. ज्योती ताटाकडे बघत बसली. तिच्यापुढे अजून आयुष्य आहे, पोरगी आहे. 

१२ नोव्हेंबर

त्या गृहस्थांचा फोन. "आजी, तुमच्यामुळे वाचलो." म्हटलं, माझ्यामुळे कसले, यांच्यामुळे! जिवंतपणी डाळ आणायला सांगितली तर विसरून यायचे. मेल्यावर कामाला आले.

ते हसले. मग फोनवर बराच वेळ रडले. मी ठेवला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर बघून घाबरू नकोस, वही. आज त्रिवेणी लिहितेय. पत्रकार म्हणे, आणि मराठीत वेलांटी कुठली ते मला विचारते!

काल तुरुंगात दहा जणांच्या रांगेतून मी तिघांनाही ओळखलं. मग जबाबावर अंगठा उठवला. ज्योतीला सांगितलं नव्हतं. आता नात आणि मी एकाच खोलीत, दाराशी दोन पोलीस. कुठे, ते लिहायचं नाही. झोप मात्र छान लागली.

उद्या एक पोलीस तुला ज्योतीकडे नेईल. ज्योती, रागव नंतर. आधी ज्वारीच्या कडक भाकरी पाठव आणि शेंगदाण्याची चटणी, लसूण सढळ हाताने. पोलिसांची वेगळी बांध, कालची माझी शिदोरी त्यांनीच संपवली.