बांधाच्या कोरड्या अंगाला पाणलावा

मी, सत्यवती जोतिराम तेरणीकर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार अनगोळ, बेळगाव, हा कागद पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर नाही असं माझा मुलगा आशिष चारचौघांत सांगत असतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

१. अनगोळचं घर यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केलं, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी आशिषला देते. अट एकच. त्यानं सावळकट्टीच्या तळ्याखाली बांधलेलं नवं घर सोडावं आणि बायको भैरवी व मुलगा ऋग्वेद यांना घेऊन अनगोळात राहायला यावं. तो ऐकणार नसेल तर घर भैरवीच्या एकटीच्या नावे व्हावं.

२. मृत्युपत्रात कारणं द्यावी लागत नाहीत, असं वकील निवेदिताबाई म्हणाल्या. मला द्यायची आहेत. सावळकट्टी हे आमचं मूळ गाव, कोगनोळीच्या अलीकडचं. गावाच्या डोक्यावर तळं आणि त्याला मातीचा जुना बांध. निवृत्त झाल्यापासून मी तिथं पाखरांचे फोटो काढते, तेही बांधाखालच्या एकाच दगडावर उभी राहून. शाळेत मुलांना वर्षभर एकच घागर काढायला लावायचे, ती खोड गेली नाही. गावातली अक्काताई शेळ्या घेऊन जाताना म्हणायची, "बाई, तळं त्येच, बगळं त्येच. किती येळा काढतायसा?"

एका हिवाळ्यात मला पाणलावा मिळाला. लांब चोच चिखलात खुपसून खाणारा, गवतात दडून बसणारा पक्षी. मी हरखले, फोटो मोठा करून भिंतीवर लावला. पुढच्या वर्षी बरेच आले आणि होळी झाली तरी हलेनात. तेव्हा लक्षात आलं की मी त्यांना पाण्याच्या बाजूला नाही, बांधाच्या कोरड्या अंगाला टिपते आहे. तिथं होळीपर्यंत ढेकळं व्हायची. चिखल आला कुठून? जुने फोटो काढून ओळीनं मांडले. बांधावरची बाभूळ पूर्वी देवळाच्या कळसाच्या डावीकडं सरळ उभी असायची. आता ती झुकून कळसाच्या आडवी आली आहे. दगड तोच होता आणि देऊळ जागचं हललेलं नाही. सरकतो आहे तो बांध.

३. बांधाखालच्या त्याच ओल्या, हिरव्या तुकड्यावर आशिषनं घर बांधलं. वास्तूवाल्यानं सांगितलं की ईशान्येला आपसूक पाणी असलेली जागा नशीबवानालाच मिळते. पाया खणताना पाणी लागलं तर सगळ्यांनी लक्ष्मी आली म्हणून नारळ फोडला, पेढे वाटले. ज्या ओलीला बघून पळायचं, तिची ओटी भरली. मी फोटो आशिषपुढं ठेवले.

"आई, पाखरांचं फोटो बघून कोण घर सोडतंय गं?"

"पाखरं बघू नगं रं. त्यांच्या पायाखाली बघ."

तो हसला. पोटच्या पोराचं ते हसणं मला फार लागलं.

४. पंचायतीचे सभासद मारुतीराव यांच्याकडे अर्ज देऊन थकले. "बाई, तळं आमच्या आज्ज्याच्या आज्ज्यापासनं हाय. तुमच्या कॅमेऱ्यानं फुटतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी घराशेजारच्या ओलीवर पंचायतीचं लॉन लावलं आणि उद्घाटनाचा फोटो काढायला मलाच बोलावलं. त्या फोटोत ऐन चैत्रात त्यांची पँट पोटरीपर्यंत भिजलेली दिसते. तो फोटो चांगल्या फ्रेमीत घालून मारुतीरावांना देते. त्यांनी तो बैठकीच्या खोलीत लावावा. येणाऱ्याजाणाऱ्यानं पँटीकडं बघावं, एवढीच इच्छा.

५. कॅमेरा, लांबची लेन्स आणि माझे दागिने भैरवीला. माझं ऐकून घेणारी ती एकटीच. गेल्या आठवड्यात हळूच म्हणाली, "आत्या, कपाटामागची भिंत ओली लागतीया. ह्यांना सांगिटलं तर म्हणत्यात, नवं घर हाय, वाळंल." नवऱ्याला सोडून ती यायची नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते, आणि याच विचारानं जीव थाऱ्यावर राहत नाही.

६. ते हलत नाहीत म्हणून मी हलले. परवा बॅग घेऊन आशिषच्या या घरात राहायला आले. आशिष खूश आहे, त्याला वाटतं आईचा हट्ट गेला. तळं काठोकाठ भरलं आहे. बांधाखालून झिरपणारं पाणी आजवर नितळ असायचं, काल सकाळपासून ते गढूळ येतं. म्हणजे पाणी आता बांधाची माती घेऊन निघालं आहे. त्याचेही फोटो काढून आशिषच्या मोबाइलवर पाठवले. त्यानं अंगठा पाठवला.

७. सगळे एकदम गेलो तर पुढं काय, हे मी निवेदिताबाईंना विचारलं.  त्या म्हणाल्या, कोण आधी गेलं हे कळत नसेल तर वयानं लहान तो मागं राहिला, असं कायदा धरतो. म्हणजे आधी मी, मग आशिष, मग भैरवी, आणि शेवटी ऋग्वेद. घर, दागिने, सगळं त्याच्या नावे. पाच वर्षांचं लेकरू, आईबाप गेलेले, भोवती पाणी, आणि तो अनगोळच्या घराचा मालक.

हे कलम खरं ठरल्यावर ते वाचायला कोणी उरणार नाही. म्हणून रिवाज मोडून सांगते, हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडायचं नाही. खाली सह्या झाल्या की लगेच, मी समोर बसलेली असताना, आशिषनं ते मोठ्यानं वाचावं. सातवं कलम वाचताना त्यानं ऋग्वेदला मांडीवर घ्यावं.

सही: सत्यवती जोतिराम तेरणीकर

साक्षीदार:
१. निवेदिता देशपांडे, वकील, बेळगाव (सही)
२. परशराम भावकू नाईक, शेजारी, यांचंही घर बांधाखालीच (सही)

ठिकाण: सावळकट्टी, आशिषच्या घरी
दिनांक: २७ जुलै २०२५