विसावा दोष

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली तीन मनानं टेकली असं समज.) तुझा घसा बसल्याचं ही फोनवर म्हणाली. आता कसा आहे? गिळताना दुखतं का? आणि नक्की कोणत्या वारी बसला, तेही आठवून कळव. भाऊजींना नमस्कार. ही तुमच्याकडे दोन महिने राहते आहे आणि त्यांनी अजून ब्रही काढलेला नाही. म्हणजे एक तर ते फार सोशिक आहेत, नाहीतर हिनं त्यांना सवडच दिलेली नाही.

तू विचारतेस, विसारपत्र होऊन अकरा आठवडे झाले, मग खरेदीखत कुठे अडलंय? तुझं विचारणं रास्त आहे. घर आपल्या दोघांच्या नावावर, हिची नोकरी तिकडे सुरू झालेली, तुमच्या शेजारची जागा मालक महिनाअखेरपर्यंतच अडवून ठेवणार, आणि मी इथे खोक्यांच्या गराड्यात एकाच कपात चहा पितो नि दाढीही करतो (बाकीचे कप बांधले). चूक माझी आहे का, यावर रोजनिशीत चार वेळा विचार केला. दोनदा उत्तर ‘हो’ आलं, दोनदा ‘बहुधा’.

दलाल नको, हे माझंच डोकं. आपण शिकलेली माणसं, सरळ बोलू, सरळ विकू. म्हणून घर बघायला आलेल्या पहिल्याच गृहस्थांच्या हाती मी घराच्या दोषांची यादी ठेवली. रोजनिशीतून तारखांसकट काढलेली, एकूण एकोणीस. तिसरी पायरी करकरते, मोरीचं दार पावसाळ्यात फुगतं, मागच्या खोलीत दुपारी शेजाऱ्यांचा रेडिओ ऐकू येतो (आणि निवड वाईट असते), वगैरे. हे गृहस्थ निवृत्त पूल-निरीक्षक निघाले. उभा जन्म तडे शोधण्यात गेलेला, खिशात कायम भिंग. मी त्यांना भिंगवाले म्हणतो, अर्थात मनात.

त्यांनी यादी दोनदा वाचली, आवडली म्हणाले, विसार दिला. पण घरी गेल्यावर त्यांच्या डोक्यात किडा वळवळला, की जो माणूस न विचारता एकोणीस दोष सांगतो, तो नक्की विसावा लपवतोय. तेव्हापासून दर रविवारी दहाला हजर! तिसऱ्या पायरीवर सहा वेळा चढले-उतरले. त्या दिवशी ती मेली करकरली नाही, तर माझ्याकडेच संशयानं बघितलं. मग मीच तिच्यावर उड्या मारून तिला करकरायला लावलं (कंबर तेव्हाच धरली). जाताना चपला घालत म्हणतात, “मास्तर, अजून एक राहिलंय. सापडलं की लगेच सही.” हिला सांगितलं तर म्हणाली, “अहो, तुम्हाला घर विकायचंय की पापं धुवायचीत?”

शेवटी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, “चार ओळींची नोटीस द्या. दहा दिवसांत सही, नाहीतर व्यवहार रद्द.” चार ओळी लिहिल्याही. मग वाटलं, हे एकतर्फी होतंय, समोरच्याची बाजूही यायला हवी. म्हणून पाचव्या ओळीपासून भिंगवाल्यांना थांबण्याचा अधिकार का आहे, ते जरा लिहिलं. ते दीड पान झालं. भिंगवाल्यांनी ती नोटीस त्यांच्या वकिलाला दाखवली. तो म्हणाला म्हणे, की मला फी द्यायची काय गरज, तुमची बाजू समोरच्यानंच मांडलीये!

असो. काळजी करू नये. सगळं मार्गी लागेल. प्रकृतीस जप, विशेषतः घशास.

तुझा,
धाकटा

ता. क. भिंगवाले गेल्या रविवारी पोटमाळ्यावर चढले. तुळईवर ठोकलेलं बिस्किटांच्या डब्याचं झाकण त्यांना दिसलं. “हे का ठोकलंय?” मी म्हणालो, “ताईनं ठोकलंय.” यात खोटं काही नाही. ते “बरं” म्हणाले आणि खाली येऊन अर्धा तास माझ्याकडे नुसते बघत बसले.

दुसरा ता. क. ताई, त्यांचं बरोबर आहे. विसावा आहे. पण तू अकराची नि मी आठाचा असताना मेणबत्तीवर बटाटा भाजताना ती तुळई वीतभर जळली, तेव्हा कुणालाही सांगणार नाही अशी तू माझ्याकडून तुझ्याच गळ्याची शपथ घेतलीस. अप्पांना नाही सांगितलं, हिला नाही सांगितलं, यादीतही नाही घातलं. गेल्या रविवारी मात्र माझं तोंड अर्धं उघडलं होतं, आणि संध्याकाळी हिचा फोन आला, की ताईंचा घसा बसलाय. मी विज्ञान शिकवतो, असल्या गोष्टी मानत नाही. तरी वार कळव.

तिसरा ता. क. वार राहू दे. पोस्टकार्डावर ‘सुटली’ एवढंच लिहून पाठव. फोनवर नको, तुझ्या घशाला ताण. रविवारच्या आत पोचलं पाहिजे.