डावा गाल

सोमवार, ४ मार्च

आलो बाई एकदाचे! म्हणजे मी, टिल्ली, दोन बॅगा आणि न फुटता पोचलेला एक आरसा. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एकच आहे, पण खिडकी मोठी, आणि तिच्याखाली आमचा पलंग अगदी मापात बसतो. टिल्लीने (वय वर्षं चार, जीभ वर्षं चाळीस) कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहणी केली आणि नळ गळतो, बाथरूमची कडी तुटलीय, बाकी ठीक आहे, असा निकाल दिला. तिचे बाबा वारले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरातली कर्ती माणूस तीच.

नोकरी अशी आहे. गावाबाहेर चेहऱ्याच्या क्रीमचा कारखाना आहे. नवीन क्रीम बाजारात जाण्याआधी ते आम्हा बायकांना लावून बघतात, तेही फक्त डाव्या अर्ध्या चेहऱ्यावर. उजवा अर्धा कोरा ठेवायचा, म्हणजे फरक कळतो. ताईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, आजवर लोक घरं भाड्याने द्यायचे, तू तोंड द्यायला निघालीस! म्हणू दे. नऊ वर्षं दुकानात उभं राहून मी लोकांना क्रीमं विकली. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, मेण तो उडू देत नाही, आणि आठवड्यात गोरं करणाऱ्या डब्यांत पारा नाहीतर स्टेरॉइड असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आता मी बसणार आणि दुसरे लावणार.

मुलाखतीत विचारलं होतं, घरी चेहऱ्याला हात लावणारं कोणी आहे का. त्यांना एकटीच बाई हवी होती, म्हणून नाही म्हणून मोकळी झाले. टिल्ली दिवसा पाळणाघरात. कोणाला पत्ता लागतोय!

बुधवार, ६ मार्च

कामाची खोली स्वच्छ आहे. पांढऱ्या फरश्या, ओळीने खुर्च्या. कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत कागदी पट्टी चिकटवतात आणि डावीकडे क्रीम लावतात. लावणारी बाई कधी हातमोजे काढत नाही. भिंग डोळ्याला लावून ती आमच्या सुरकुत्या मोजते, म्हणून मी तिचं नाव फूटपट्टीबाई ठेवलंय.

क्रीम पांढरं, गार, आणि त्याला अजिबात वास नाही. हे मला खटकलं. सुगंध घातला नाही तरी मेणाचा, तेलाचा काहीतरी वास येतोच की. आत काय आहे विचारलं, तर पाणी, ग्लिसरीन, मेण आणि एक कंपनीचा खास घटक, एवढंच सांगितलं. डबा घरी न्यायला मनाई आहे.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षिका असते, मास्तरीणबाई. क्रीम लावताना सुद्धा ताठ बसा म्हणून मला दटावते. तिचा उजवा गाल तिच्या वयाचा आहे, डावा तिच्या विद्यार्थिनींच्या वयाचा. मी बघतच राहिले.

मंगळवार, १२ मार्च

डाव्या डोळ्याजवळच्या रेघा गेल्या! हनुवटीवर मुरुमाचा जुना खड्डा होता, तोही भरला. आरशासमोरून हलवत नाही मला. उजवीकडून बघितलं तर दमलेली बाई, डावीकडून बघितलं तर लग्नाआधीची मी. हसू नये, पण रस्त्याने मी डावी बाजू लोकांकडे करून चालते.

टिल्लीनेही माझ्या तोंडाची वाटणी केलीय. उजवी बाजू आईची आणि डावी मऊ. दुपारी पाळणाघरातून आणली की आम्ही खिडकीखाली आडव्या होतो, मी गोष्ट सांगते, आणि ती आपला उजवा गाल माझ्या डाव्याला चिकटवून झोपून जाते. दिवसातला हा माझा सगळ्यात आवडता वेळ.

फूटपट्टीबाई चक्रावलीय. बाकीच्यांना दोन-दोन महिने लागले म्हणे. मी म्हटलं, मुळात माल चांगला असावा लागतो.

सोमवार, १८ मार्च

टिल्लीचा उजवा गाल कोरडा पडलाय. थंडी सरली, ऊनही फार नाही. व्हॅसलीन चोपडलं. पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं, उशीला चुण्या आहेत का, हिच्या गालावर वळ उठतात. घरी येऊन उशी पाहिली. अभ्रा तर साधाच आहे.

मी टिल्लीला हसायला लावलं. हसल्यावर तिच्या उजव्या डोळ्याजवळ तीन रेघा उमटल्या. हसू थांबलं तरी त्या गेल्या नाहीत. मी बोटाने चोळून पाहिल्या, तरी नाहीत.

बुधवार, २० मार्च

त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण आहे, पण फार नीट बघितलं त्याने.  मग विचारलं, आई काय लावते? मी सांगितलं. तो चिडला. आईच्या गालावरचं बाळाच्या गालावर जातंच, त्याला डबा लागत नाही, आणि लहान मुलांची कातडी पातळ, ती सगळं शोषून घेते, म्हणाला. माझा उजळलेला गाल पाहून त्याला स्टेरॉइडचा संशय आला. आजच बंद करा म्हणाला. बंद केल्यावर काही आठवडे आग होईल, लाल होईल, तरी सोसा, आणि पुन्हा लावू नका.

पण जाताना त्याने टिल्लीचा गाल पुन्हा चिमटीत धरला. कातडी वर राहिली, लगेच खाली बसली नाही. असं सत्तरीच्या माणसात दिसतं, असं पुटपुटला आणि आणखी तपासण्या लिहून दिल्या.

हे सगळं मला माहीत होतं. नऊ वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आले. आणि स्वतःच्या पोरीला —

शुक्रवार, २२ मार्च

नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले. खोटं बोलल्याचंही सांगितलं. वाटलं, बोलणी खावी लागतील. फूटपट्टीबाई रागावलीच नाही. तिचा चेहरा खुलला. तरीच, म्हणाली. मुलगी केवढी आहे, विचारलं. चार वर्षांची म्हटल्यावर तिने डोळे मिटून मान डोलावली. उद्या दोघी या, म्हणाली.

मी पळतच जिना उतरले. खाली मास्तरीणबाई भेटली. तिने माझा हात घट्ट धरला आणि सांगितलं, हे क्रीम काही देत नाही, बाई, ते ओढून आणतं. गालाला जे जिवंत लागेल त्याच्यातून. म्हणून मी मांजर पाळते. हे तिसरं.

मग खालच्या आवाजात विचारलं, सोडलंस तर भूक लागेल त्याला, तेव्हा तुझ्याकडे कोण आहे?

मी हात सोडवून घेतला. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मनाला समजावत घरी आले.

रविवार, २४ मार्च

आग होतेय. डॉक्टर म्हणाला होता तशीच. गार पाण्याच्या घड्या ठेवते.

टिल्लीला माझ्या उजवीकडे झोपवते. उठते तेव्हा ती डावीकडे असते. ती सरकते की मी, कळत नाही. आता मधे उशा लावल्यात.

मंगळवार, २६ मार्च

डावा गाल ताणला जातोय, आतून कोणी चिमटीत धरून ओढावा तसा. आणि ओढ नेहमी एकाच दिशेला. टिल्ली खिडकीपाशी असली की खिडकीकडे. ती दाराशी गेली की दाराकडे.

डॉक्टरला फोन केला. आग होणारच, म्हणाला. ओढीचं सांगितलं. झोप घेताय ना, असं त्याने विचारलं.

बुधवार, २७ मार्च

हे लिहायला हात धजत नाही.

दुपारी मी रडत होते. टिल्ली आली, बाऊ झाला का म्हणाली, आणि तिने माझ्या गालावर तळवा ठेवला. आग थांबली. एका क्षणात. इतकं गार, इतकं बरं वाटलं की मी तिचा हात बाजूला केला नाही. करायला हवा होता. मला कळत होतं. तरी नाही केला.

मग तिने हात काढून मला दाखवला. आई, माझा हात आजीचा झाला.

शुक्रवार, २९ मार्च

ताईला सगळं सांगितलं. तिला पटलं नाही, पण माझा आवाज ऐकून घाबरली. उद्या येऊन टिल्लीला घेऊन जाते म्हणाली. फक्त उद्यापर्यंत.

आरशात गाल इतका सुंदर दिसतोय. गुलाबी. लहान मुलीचा असावा तसा. टिल्लीचाच आहे तो. टिल्लीचाच —

आरसा पालथा घातला.

शनिवार, ३० मार्च

ताई निघालीय. जेवणवेळेपर्यंत पोचेल.

मी बाथरूममध्ये बसलेय. दाराला कडी नाही, आणि ते बाहेर उघडतं. टिल्लीला सांगितलं, खेळ आहे. मावशी येईपर्यंत दार उघडायचं नाही. मी स्वतः हाक मारली तरच. तिने कबूल केलं. शहाणी माझी. बाहेर बाहुलीला दटावतेय.

डावा डोळा ऐकत नाही. उजवा वहीकडे बघतो, डावा दाराकडे.

ती विचारतेय, मावशी आली का. मी नाही म्हणाले. म्हणजे उजव्या ओठाने म्हणाले. डावा —

डावा हसला.

तो बोलला. माझ्याच आवाजात. तिला निजवताना बोलते ना मी, तसाच लाडात. ये गं माझी टिल्ली, म्हणाला.

बाहुली ठेवली तिने. ऐकू आलं.

ओरडता येत नाही. तोंड त्याने धरलंय. दाबून बघितलं, नखं लावली — पुन्हा हाक मारली त्याने, पुन्हा —

पावलं. अनवाणी.

वही दारासमोर धरते. मोठ्ठं लिहिते.

येऊ नकोस

येऊ नकोस टिल्ली ही मी नाही येऊ न

पण तिला अजून वाचता