रालित्साचा हिरवा झगा

फेर्रारा, ४ एप्रिल

माझ्या गुणाच्या आईला,

मी मजेत आहे. मी सांभाळते त्या इटालियन आजीबाई आता माझ्या हातून वाटीभर सूप पितात, त्यांचा मुलगा खूश आहे. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना?

माझ्या रालित्साचा हिरवा झगा तिसऱ्यांदा टिपा मारून आत घेतलास म्हणतेस. आई, तो मी मुद्दाम एक माप लहान पाठवला होता. शाळेच्या निरोपाच्या नाचाला पोरगी निघाली की सगळी गल्ली दारात उभी राहून तिला बघते. माझ्या वेळी शेजारची रुमेनाकाकू सगळ्यांदेखत म्हणाली होती, "कापड बरंच लागलं असेल गं हिला." माझ्या लेकीला ते ऐकावं लागू नये, एवढंच मनात होतं. मीच तिला फोनवर म्हटलं, "थोडी बारीक हो, मेपर्यंत बसेल तुला."

आता तीच काकू म्हणते म्हणे, "कशी छान बारीक झालीय, नजर लागेल पोरीला." आणि तू भाजलेली चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा पोरगी गुपचूप कुत्र्याला घालते, हे तू अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. मी ते चारदा वाचलं.

काल फोनवर तिला विचारलं, जेवलीस का? म्हणाली, "तूच तर सांगितलंस बारीक हो म्हणून."

तिला डॉक्टरांकडे ने. रागावू नकोस. आणि झगा पुन्हा आत घ्यावा लागला, तर जास्तीचं कापड कापू नकोस. तसंच दुमडून ठेव, पुन्हा सैल करता येईल.

तुझी,
दोन्का