काळ्याचं लाल

६ फेब्रुवारी
मामाशी भांडलो. पुन्हा! ‘कॉलेज सोडलंस, आता निदान नळ्या तरी नीट धू,’ म्हणे. तो या प्रयोगशाळेत काचकाम करतो, त्यानेच मला इथे चिकटवलंय. धुतल्या. लख्ख धुतल्या. तिच्या होत्या म्हणून — बाहेरगावाहून इथे संशोधनाला आलेल्या तिच्या.

७ फेब्रुवारी
आज तिने मला नळीसमोर बसवलं. आत तिने बनवलेली तांब्याची पूड — काळीकुट्ट, तव्याच्या बुडासारखी. भट्टी तापली, वरून हायड्रोजन सोडला. ‘बघत राहा.’ आणि वरच्या टोकापासून काळ्याचं लाल व्हायला लागलं! कोणी हलवलं नाही, रंगवलं नाही.
मग त्यावरून मिथेनॉलची आणि पाण्याची वाफ. खालच्या भांड्यात बुडबुडे. ‘हा नवा हायड्रोजन. यावर गाड्या चालतील. तांबं टिकलं तर.’
‘टिकेल, मॅडम.’ मॅडम! जीभ झडो माझी.

१२ फेब्रुवारी
बुडबुडे निम्मे. ती जेवली नाही. मीही नाही. तिला पत्ता नाही.

१५ फेब्रुवारी
प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, आले. ‘ही शेवटची नळी होती. आता काम बंद.’ म्हणजे ती घरी परत जाणार! वर माझ्याकडे बघून — ‘आणि हा कशाला लागतो इथे?’
डोकं फिरलं. हायड्रोजन आधीच काढून घेतला होता, पण नळी गार झाल्याशिवाय उघडायची नाही हे मला शंभरदा बजावलेलं. हिसडा मारून जोड काढला. हवा आत गेली आणि तांबं पेटलं! ज्वाळा नाही. नुसता निखारा, इंचाइंचाने खाली सरकणारा, आणि मागे सगळं पुन्हा काळं.
मामा ओरडला, ‘गधड्या, हात काढ!’ ती मात्र नळीवर वाकली होती. ‘फेकू नका. परत हायड्रोजन सोडू.’

१६ फेब्रुवारी
परत लाल. आणि बुडबुडे पहिल्या दिवसापेक्षा जास्त!!
ती म्हणाली, ‘तापून तापून तांब्याचे कण चिकटले होते, ढेकळं झाली होती. हवेनं ती फुटली, लाल होताना बारीक झाली. तुझा राग कामी आला रे!’
‘जन्मात पहिल्यांदा,’ मामा.

२४ फेब्रुवारी
बुडबुडे बघून सरांनी काम चालू ठेवलं. आता मुद्दाम करतो. बुडबुडे मंदावले की हवा सोडायची, पण धाग्याएवढी. ‘रागाव, पण हळूहळू,’ ती म्हणते. झडप मी फिरवतो. काळं, लाल, काळं, लाल. मेलेलं दरवेळी उठतं! चिमूटभर पुडीत एवढं सगळं चालतं आणि मी कॉलेजात बाकावर नावं कोरत बसलो होतो.

९ मार्च
नळी टिकली. म्हणून तिला मोठ्या प्रयोगशाळेतून बोलावणं, दुसऱ्या शहरात. नसती टिकली तरी जाणार होती, टिकली तरी चालली! हा कुठला न्याय?
शनिवारी चारची गाडी. ‘बॅग उचलायला येशील ना?’ येणार. आणि स्टेशनवर सगळं सांगून टाकणार. वाक्य पाठ केलंय. मामाला ऐकवलं नाही — हसेल.

शनिवार
दुपारी नवी नळी लावली. पहिल्यांदाच सगळी मी एकट्याने भरलेली. लाल व्हायला लागली. वरून खाली, सावकाश, कडेला सोनेरी रेघ.
मामा दारात — ‘स्टेशनवरून केव्हा आलास?’
घड्याळ बघितलं. सहा वाजून गेले होते.